दोन मिनिटांचं काम

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारी सकाळी हमखास एक हाक येते. ‘कुणाकडे चांगला प्लंबर आहे का? अर्जंट.’ खाली दहा-बारा जण अंगठे लावतात. नंबर कुणीच देत नाही. घरकामाच्या मावशींच्या नंबराखालोखाल जपून ठेवतात तो हाच.

काम काय असतं? नळ गळत असतो. का गळतो? आतला वायसर झिजलाय म्हणून. वायसर म्हणजे रबराची चिमुकली चकती, किंमत चहाच्या कपाहून कमी. कॉक बंद करा, पान्याने नळाचं डोकं सोडवा, स्पिंडल बाहेर काढा, खालची चकती बदला, परत आवळा. चहा निवायच्या आत काम तमाम.

फक्त एक अडचण आहे. कॉक कुठे आहे?

विचारून बघा. कर्जाचे किती हप्ते राहिलेत ते तोंडपाठ. देव्हारा ईशान्येला, झोपताना डोकं दक्षिणेला, सगळं शास्त्रशुद्ध. पण या घराचं पाणी कुठून बंद होतं, असं विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको वॉचमनला फोन लावते. पाइप फुटून हॉलमध्ये तळं झालं की शोध लागतो. मेन कॉक बाथरूमच्या माळ्यावर आहे. गणपतीच्या मखराच्या मागे.

आपल्या सोसायट्यांत इंजिनिअर किती, हे सांगायला नको. खडा मारला तर इंजिनिअरच्याच खिडकीला लागेल. फुटलेली काच बसवायला मात्र माणूस बाहेरूनच आणावा लागेल.

‘मला त्यातलं काही कळत नाही बुवा’ हे वाक्य आपण कसं म्हणतो, कधी ऐकलंय? गणितातलं कळत नाही म्हणताना मान खाली जाते. इंग्रजीतलं कळत नाही म्हणताना आवाज पडतो. फ्यूजमधलं कळत नाही म्हणताना मात्र छाती दोन इंच फुगते. न कळणं ही आपली पायरी आहे ना! हात काळे करणारे खालच्या पायरीवर, बिल बघणारे वरच्या. ‘वेळ नाही हो’ हे आपलं सांगायचं कारण. वेळ नसलेला हाच माणूस इलेक्ट्रिशियनची वाट बघत अख्खा शनिवार घरी बसतो.

मग कुणीतरी म्हणतं, आमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं. वडील चेतक स्कूटर स्वतः दुरुस्त करायचे.

करायचेच. 1972 साली आलेल्या त्या चेतकला दुसरा इलाजच नव्हता. सकाळी ती रुसायची. मग तिला एका अंगाला कलंडवायचं, सरळ करायचं, किक मारायची. तरीही नाही? प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, परत लावा. डिकीत जादा प्लग असायचाच आणि स्टेपनी पाठीला बांधलेली. त्या पिढीला दुरुस्तीची हौस होती असं नाही. ऑफिस गाठायचं होतं.

आणि त्याच घरात, त्याच वेळी, आणखी एक मेकॅनिक काम करत होता. त्याचा पुतळा कुणी उभारत नाही.

कुकरची रिंग कधी सैल झाली हे शिटीच्या आवाजावरून ओळखणं. वितळलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बदलणं. सिलिंडर लावताना आतली काळी रिंग जागेवर आहे का ते पाहणं, रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघणं. शिवणयंत्राचा पट्टा आवळणं, भोकाभोकांत तेल सोडणं, दोरा तुटायला लागला की टेन्शनचा स्क्रू पाव फेरा फिरवणं. हे सगळं आई करायची. वडिलांनी प्लग घासला तर ते टेक्निकल. आईने अख्खं मशीन खोलून बसवलं तर ती नुसती ‘आवराआवर’.

मिक्सर मध्येच बंद पडला तर त्याला उलटा करून बुडाचं लाल बटण दाबायचं असतं, हेही बहुतेक घरांत तिलाच ठाऊक. जास्त भार पडला की मोटर वाचवायला ते बटण बाहेर येतं. साहेब तेवढ्यात नव्या मिक्सरच्या किमती बघून आलेले असतात.

आता पंख्याकडे या. हा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथे आपण वर्षानुवर्षं फसतो.

बटण पाचवर, वेग दोनचा. काही घरांत तर पंखा सुरू करायला झाडूच्या दांड्याने ढकलावा लागतो आणि त्यासाठी झाडू खोलीतच ठेवलेला असतो. तज्ज्ञ येतात, मान वर करतात आणि स्टुलावरही न चढता निकाल देतात, ‘वाइंडिंग गेलंय, नवाच घ्या.’ दर वेळी ते खोटं असतं असं नाही. पण ढकलल्यावर जो पंखा फिरतो, त्याचा दोषी बऱ्याचदा कंडेन्सर असतो. पंख्याच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची वाटी सरकवली की आत दोन तारांची एक डबी दिसते. तिच्यावर आकडा छापलेला असतो, बहुधा 2.5 किंवा 3.15. तोच आकडा दुकानात दाखवायचा, तशीच डबी आणायची. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लोहार चाळ आहे, आणि तुमच्या गावात कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शंभराची नोट मोडली तर सुटे परत येतात.

पण पंख्याचा रेग्युलेटर शून्यावर आणणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. मेन पाडायचा. मग टेस्टर लावायचा. पण टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून बघायचा, कारण बिघडलेला टेस्टर सगळीकडे ‘वीज नाही’ असंच सांगतो. कंडेन्सरमध्ये मेन पाडल्यावरही थोडी वीज उरते, म्हणून त्याच्या दोन टोकांना प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर एकदम टेकवायचा आणि मगच बोट लावायचं. जुन्या तारा जिथे होत्या तिथेच नव्या. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. जेवणाच्या ताटाचे काढतोच की.

मेनवरून आठवलं. बोर्डातल्या त्या जाड स्विचवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. कधी दाबलंय? 30 मिलिअँपिअर इतकी वीज भलत्या वाटेने गेली की घराचा पुरवठा तोडायचा, हे त्या यंत्राचं काम. ते जिवंत आहे की नाही हे बघायला ते बटण दिलेलं असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. घर घेतल्यापासून कुणी दाबलेलं नसतं. उलट तो स्विच स्वतःहून पडला की आपण चिडून वर करतो. पुन्हा पडला की पुन्हा वर. तिसऱ्यांदा पडला की वर ढकलून तिथे चिकटपट्टी लावणारे महाभागही आहेत.

अहो, तो काहीतरी सांगतोय! सगळी उपकरणं बंद करा, स्विच वर घ्या, मग एकेक चालू करत जा. ज्याच्या पाळीला पडेल तो चोर. पुष्कळदा गिझरच निघतो.

हे वाचून ज्यांच्या अंगात वीरश्री संचारली, त्यांनी जरा बसून घ्यावं. कारण न करणाऱ्यांपेक्षा भयंकर अशी दुसरी जमात आहे. व्हिडिओ बघून झालेले मिस्त्री.

यांच्याकडे ड्रिल मशीन असतं. शंभरावर तुकड्यांचा हत्यारांचा संच असतो, लाल पेटीत, प्रत्येक खाचेत प्रत्येक तुकडा चकाकत. संच आणल्या दिवशी घरात एकही भिंत सुरक्षित नसते. घड्याळ टांगायचंय? स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर भोक पाडतात. भिंतीतल्या तारा बोर्डापासून बहुधा सरळ वर जातात, हे व्हिडिओच्या दुसऱ्या भागात सांगितलेलं असतं. पहिला भाग बघूनच यांनी ड्रिल उचललेलं असतं.

त्या पेटीचं शेवटी काय होतं? शेजारी मागून नेतो. तिथेच ती राहते.

काही गोष्टींना हात लावायचाच नाही, हेसुद्धा शिकण्यातच येतं. गॅसचा वास आला की बटणं खाली-वर करायची नाहीत. खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन करायचा. मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो, तो उघडायचा नाही. गाडीचे ब्रेक, एअरबॅग, इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वेष्टणाच्या जाड तारा या गोष्टी जाणकारांवर सोपवाव्यात. तिथे ‘बघू तरी’ म्हणणाऱ्यांची नावं पेपरात येतात.

गाडीचं सर्व्हिसिंगचं बिल कधी वाचलंय? एकूण रक्कम नव्हे, मधल्या ओळी. एसी निर्जंतुकीकरण. इंजिन ड्रेसिंग. टायरमध्ये नायट्रोजन. फुकट मिळणाऱ्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, पण त्याला हिरवं टोपण बसवून मिळत नाही. केबिन फिल्टर बदलला, मजुरी वेगळी. अनेक गाड्यांत हा फिल्टर समोरच्या कप्प्यामागे असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडायचा, जाळी ओढायची, नवी सरकवायची. एक स्क्रूसुद्धा लागत नाही. मजुरी कसली लावतात? कप्प्यातली पार्किंगची जुनी पावती सांभाळून ठेवल्याची?

गाडीतलं मोबाइल चार्ज करायचं सॉकेट मेलं की ‘वायरिंग चेक करावं लागेल’ असं गंभीर चेहऱ्याने ऐकवतात. आधी फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा. कुठला फ्यूज कशाचा, याचा नकाशा झाकणाच्या आतच किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. चिमट्याने ओढा, आतली तार तुटलीय का बघा, त्याच रंगाचा आणि आकड्याचा बसवा. लाल म्हणजे दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस. दहाच्या जागी तीसचा घालणारा मात्र गाडीचा मालक न राहता होळीचा यजमान होतो.

पंपावर हवा भरणारा पोरगा विचारतो, ‘किती?’ आपण म्हणतो, ‘टाक रे तीस-पस्तीस.’ ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, पुढच्या चाकांत किती, मागच्यांत किती. दिवसातून चार वेळा त्याच्या शेजारून पाय आत टाकतो आपण.

हे शाळेत का शिकवत नाहीत, असा प्रश्न आता कुणी विचारेलच. विचारून झालाय. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या डोलावण्याचं पुढे अभ्यासक्रमात ‘कार्यानुभव’ झालं आणि कार्यानुभवाचं आदल्या रात्री आईने करून दिलेलं भेटकार्ड झालं.

खरंच करून दाखवणारं माणूस नव्हतं असं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आले, मोठ्या कंपनीत संशोधन केलं आणि 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळा सोडलेली पोरं वेल्डिंग करतात, नळ जोडतात, वायरिंग करतात आणि त्यातून विज्ञान शिकतात. हेच पुढे आजूबाजूच्या शाळांतही गेलं. आपल्याला तिथल्या पोरांचं फार कौतुक. आपल्या पोराला पाठवणार का? छे, त्याचा कोडिंगचा क्लास असतो.

आता तर सरकारनेही मनावर घेतलंय. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं. सुटे भाग मिळावेत, माहिती मिळावी, कंपनीच्या दाराशीच जावं लागू नये. चांगली गोष्ट आहे, आणि निकडीची. नवे रिमोटवाले पंखे पाहा. त्यांत कंडेन्सरची डबी नाही, सर्किटचा बोर्ड आहे. तो गेला की झाडूच्या दांड्याचाही उपयोग नाही. पण मॅन्युअल मिळण्याचा हक्क मागणाऱ्यांनी आधीची मॅन्युअलं कुठे ठेवलीत? प्लॅस्टिकची पिशवी न फोडता, वॉरंटी कार्डासकट रद्दीत.

बरं, दुरुस्ती शिकून पैसे वाचतात का? थोडेफार. खरा फरक दुसरीकडे पडतो. एकदा माळ्यावर आडवं होऊन, मान वाकडी करून, गंजलेला कॉक फिरवून बघावा. मग प्लंबर दोनशे मागतो तेव्हा ‘दोन मिनिटांचं तर काम’ हे वाक्य घशातच राहतं. आणि दोन हजार मागतो तेव्हा ‘वायसर गेलाय ना फक्त?’ एवढं विचारता येतं. हिशेब आपोआप खाली येतो.

जाता जाता एक. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे? ‘असणारच’ हे उत्तर नव्हे. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच दिला असेल, तर छोट्या गाड्यांत जादा चाक नसलं तरी चालेल, असा नियम केंद्राने 2020 मध्येच केलाय. म्हणजे डिकीच्या तळाशी चाकाऐवजी एक डबा निघू शकतो. हे खंबाटकी घाटातल्या वळणावर, पावसात, मागून ट्रक हॉर्न मारत असताना कळण्यापेक्षा आज पार्किंगमध्ये बघून घ्या. चाक निघालंच तर त्यातली हवाही तपासा आणि जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, नट सैल होतात का ते बघा. टायरवाल्याने मशीनने आवळलेले असतात, पान्यावर उभं राहावं लागेल.

अर्थात, त्याआधी डिकी रिकामी करावी लागेल. गेल्या दिवाळीच्या माळा, मुलीचं रॅकेट, देवळातून आणलेले नारळ आणि ‘देऊन टाकायच्या’ कपड्यांची ती पिशवी.

ती कुणाला द्यायची होती हो?