डरकाळी कशी फोडावी: जिममधल्या नवशिक्यांसाठी

फी भरली, नवे बूट घेतले, आरशासमोर दंड फुगवून फोटोही काढून झाला, तरी जिममधलं कोणी तुमच्याकडे ढुंकून पाहत नाही. नवशिक्याचं हे दुःख आम्ही जाणतो. अंगावर मांस चढायला वर्षं जातात आणि त्यात वेळेवर जेवणं, झोपणं असली कंटाळवाणी कामं असतात. आवाज मात्र आजच्या आज काढता येतो, त्याला प्रोटीनचा डबाही लागत नाही. चंद्रपुरात तुकूमपासून बाबूपेठपर्यंत, तिकडे वडसा, गडचिरोली, अहेरीपर्यंत जिथे म्हणून जिम निघाली आहे, तिथे या विद्येत पारंगत असा एक तरी पोट्टा असतोच. पुढच्या सूचना नेमाने पाळल्यात तर तो पोट्टा तुम्ही असाल.

१. आधी प्रतिस्पर्धी ओळखा.

शेजारच्या बेंचवरचा पैलवान नव्हे, कूलर. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जाऊन बसलेला असतो आणि टिनाच्या छताखालच्या जिममध्ये दोन-तीन मोठे कूलर घरघरत असतात. त्यावर पंजाबी गाणी. या सगळ्यावरून ऐकू जाईल अशी पट्टी पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. दुर्गापूरकडे राहत असाल तर खाणीतल्या ब्लास्टिंगशी स्पर्धा नको. तिथे घरातली भांडी हलतात, तुमच्या हुंकाराने फार तर तुमचीच पाण्याची बाटली हलेल.

खरी संधी लाइट गेल्यावर येते. ऊर्जानगरच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. राखेची धूळ आपल्या वाट्याला, वीज साऱ्या राज्याला, आणि आपल्या गल्लीतली लाइट जायची तेव्हा जातेच. गाणं बंद, कूलर बंद. त्या क्षणासाठी प्रत्येक सेटमधली एक रेप राखून ठेवत चला. अंधारात मारलेली एक हाळी उजेडातल्या दहांच्या तोडीची असते. शिवाय हातात किती किलो आहे ते कोणाला दिसत नाही.

२. वजन हलकं घ्या.

दचकू नका. जड वजनाखाली दम कोंडतो आणि ओरडायला हवाच उरत नाही. पाच किंवा साडेसात किलोचं डंबेल आवाजाला सर्वांत पोषक. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आपल्याकडे पहाटेच मैदानावर दिसतात. त्यांचा गोळा ७.२६ किलोचा. मैदानी परीक्षा ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. ओरडायचं त्यांनी खुशाल ओरडावं, पण टेप गोळा पडला तिथपर्यंतच जाते. बिचाऱ्यांना नोकरी हवी असते. तुम्हाला तशी काही अडचण नाही.

३. शास्त्राचा आधार तोंडपाठ करा.

कोणीतरी विचारणारच, "काऊन वरडून राहिला बे?" लगेच सांगा की २०१४ साली अमेरिकेत कॉलेजच्या टेनिसपटूंवर प्रयोग झाला आणि हुंकारासह मारलेल्या चेंडूचा वेग चार-पाच टक्क्यांनी जास्त भरला. ते चेंडू मारत होते आणि तुम्ही आरशासमोर बायसेप्स फुगवता आहात, हा तपशील तूर्त राहू द्या. मग मोनिका सेलेसचं उदाहरण द्या. १९९२च्या विंबल्डनमध्ये तिच्या आवाजाबद्दल तक्रारी झाल्या, अंतिम सामन्यात ती तोंड मिटून खेळली आणि ६-२, ६-१ अशी हरली. जिंकलेली स्टेफी ग्राफ कधीच ओरडत नसे, हे मात्र सांगू नका. वादात प्रत्येक माहिती द्यायची नसते.

एक अडचण आहे. खरोखर जड वजन उचलणारे लोक त्या क्षणी घशाचं दार बंद करून श्वास रोखतात. पोटात दाब तयार होतो, कण्याला आधार मिळतो. वल्साल्व्हा नावाच्या जुन्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. दार बंद असेल तर आवाज कुठून येणार? अवघड टप्पा पार पडला, दार किलकिलं झालं, की कोंडलेली हवा सुटते आणि एक आखूड 'हं' निघतो. खरं कण्हणं एवढंच. तुमचं डंबेलला हात लावण्याच्या आधी सुरू होऊन ते स्टँडवर परत गेल्यावर संपलं पाहिजे. (रक्तदाबवाल्यांनी श्वास रोखू नये, दाब झपकन चढतो. या लेखातली एवढी एकच सूचना खरी समजा.)

४. आपला 'कॉल' ठरवा.

ताडोब्याच्या दारात राहून हे शिकायला बाहेरगावी जायची गरज नाही. मोहर्ली गेटमधून आत गेलं की थोड्या वेळाने गाइड जिप्सी बंद करायला लावतो आणि ओठावर बोट ठेवतो. कॉल, म्हणजे जनावरांची धोक्याची हाक, ऐकायचा असतो. चितळ ओरडलं तर तो मान वळवतो, पण जागचा हलत नाही. चितळ कशालाही ओरडतं. शेंड्यावरचं वानर खाकरलं की ड्रायव्हरचा हात चावीकडे जातो. आणि सांबर 'ढांक' असं बोललं की गाडी निघालीच.

या तीन प्रकारांवरून आपली शैली बेतावी. चितळी शैली म्हणजे आखूड, किनऱ्या आवाजात, प्रत्येक रेपला. सेट संपल्यावर बाटलीचं झाकण उघडतानाही चालते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. वानरी शैलीला दोन मित्र लागतात: एक ओरडतो, बाकीचे "अजून एक! अजून एक!" म्हणत उड्या मारतात आणि तिघांत मिळून एक बेंच पाऊण तास अडवतात. सांबरी शैली महिन्यातून एकदाच वापरा.

आता ज्याच्यापायी हा सगळा आरडाओरडा चालतो तो. दोनशे किलोंच्या आसपासचा वाघ वाळल्या पानांवरून असा येतो की पान वाजत नाही. त्याची डरकाळी दोन-तीन किलोमीटर ऐकू जाते, पण ती आपला इलाखा सांगायला, जोडीदाराला बोलवायला. शिकारीवर झेपावताना तोंड बंद. काम आणि जाहिरात त्याने वेगवेगळ्या वेळी ठेवली आहेत. तुमच्याकडे फक्त जाहिरात आहे, त्यामुळे त्याच्याकडे पाहून मन खट्टू करून घेऊ नका.

धोक्याची बाजूही पाहून ठेवा. कधीतरी बेंच प्रेसचा बार खरंच छातीवर बसेल. तुम्ही ओरडाल, आणि जिममधला प्रत्येक जण चितळाचा कॉल समजून आपापल्या आरशात पाहत राहील. त्या दिवसासाठी वेगळा परवलीचा शब्द हवा. "उचला बे" उपयोगाचं नाही, ते तुम्ही रोज म्हणता. ट्रेनरचं नाव आडनावासकट घ्या आणि पुढे "फी परत पाहिजे" असं जोडा. माणूस पळत येतो.

५. एन्ट्री घ्या.

तुम्ही झाडीपट्टीचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या तंबूत रात्र-रात्र नाटकं करतात. तिथल्या खलनायकाकडे नीट पाहा. आधी पडद्यामागून हसणं, मग ऑर्गनचा सूर, मग पाय. तुम्ही थेट जाऊन डंबेल उचलता, ही गावंढळ पद्धत झाली. आधी येरझारा घाला. मान दोन्हीकडे कडाकडा मोडा. तळवे एकमेकांवर आपटा. तालमीत पैलवान कुस्तीआधी शड्डू ठोकतो, कारण समोर जोडीदार उभा असतो. तुमच्यासमोर साडेसात किलोचं डंबेल आहे. त्याला घाबरवायला तीन-चार शड्डू लागतील.

६. आपटा.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बार खाली सोडतात हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं आहे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. त्या खेळात पंचांचा इशारा मिळेपर्यंत बार डोक्यावर धरावा लागतो, खाली आणताना तो खांद्याच्या खाली येईपर्यंत हात सोडायचे नसतात, आणि प्लेटा रबरी असतात. या तीन अटींपैकी एकही आपल्या जिममध्ये लागू नाही. तेव्हा लोखंडी डंबेल उभ्याने सोडा, टाइलवर. मालक "भाऊ, हळू ठेव ना, फरशी फुटून राहिली" म्हणाला की समजा, तुमचं नाव झालं. फरशीच्या पैशांचा विषय निघाला तर लेग डे आहे सांगून निघा.

७. कायदा वरवर माहीत असू द्या.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५; दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत दिवसा ५०, रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. पहाटे साडेपाचच्या बॅचला जात असाल तर तुम्ही रात्रीचे गुन्हेगार ठरता, पण घाबरायचं काम नाही. लग्नाच्या डीजेतून सुटून तुमच्यापर्यंत अजून कोणी पोहोचलेलं नाही. अमेरिकेत मात्र जाऊ नका. तिथे प्लॅनेट फिटनेस नावाच्या साखळीने कण्हणाऱ्यांसाठी जिममध्ये भोंगाच बसवला आणि २००६ साली न्यूयॉर्क राज्यात अशा एका सभासदाला पोलिसांनी बाहेर नेलं. आवाज केला म्हणून त्याहून मोठा आवाज करणारं यंत्र! आपण तरी फुकटात करतो.

८. काही लोकांकडे पाहायचं टाळा.

मनोबल खचतं. बल्लारशाच्या सागवान डेपोतले मजूर, उदाहरणार्थ. इथलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. ओंडका उचलताना हे मजूर ओरडतात, अगदी मोकळ्या गळ्याने. पण ती आरोळी सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून असते. एकाचा जोर उशिरा लागला तर दुसऱ्याचा पाय जातो. ओंडका खाली आला की आरोळीही संपली; नंतर कोणी आरशाकडे वळत नाही. कमलापूरला तर मुळीच जाऊ नका. तिथल्या हत्तीकॅम्पचे हत्ती म्हणजे एकेकाळी जंगलातला लाकूडफाटा ओढणाऱ्यांचा गोतावळा. एवढं धूड, पण ओझं ओढताना चेहऱ्यावर काही दिसत नसे.

सगळ्यांत घातक म्हणजे तुमच्याच जिममधल्या सकाळच्या बॅचच्या काकू. पन्नाशीच्या, ट्रॅक पँटवर कुर्ता. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून येतात, चाळीस किलोचा डेडलिफ्ट मारतात आणि मधल्या विश्रांतीत सुनेला फोनवर वांग्याच्या भाजीत किती तिखट घालायचं ते सांगतात. त्यांच्या शेजारी उभं राहू नका. त्या तुम्हाला "बाबू, पोटात दुखते का?" असं विचारतील आणि ओवा देतील.

९. घरी आवाज जपून वापरा.

गॅसचं सिलिंडर येतं त्या दिवशी विशेष. आत १४.२ किलो गॅस, टाकी धरून तीसेक किलो, आणि लिफ्ट बंद. आई म्हणेल, "अरे, रोज जिमले जातं ना, घे वर." अशा वेळी कंबरेला हात लावून हळू, खऱ्या आवाजात कण्हा. तोवर सिलिंडरवाला ते खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर पोहोचलेला असेल. पावती घेताना, अभ्यास म्हणून, त्याला विचारून पाहा: "दादा, एवढं वजन उचलता, तोंडातून आवाज कसा नाही निघत?"

"वरचे तीस रुपये द्या ना," तो म्हणेल, "काढतो."