खाज माझी, निदान गावाचं

ताप आला तर लोक 'डॉक्टरकडे जा' म्हणतात. इसब झालं की डॉक्टरच आपल्याकडे येतात, आणि त्यांतला एकही शिकलेला नसतो. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्या मानेवरचे चट्टे पाहिले, वाढप्याला परस्पर "यांना भरलं वांगं नको" म्हणून सांगितलं आणि माझ्या वाटचं स्वतःच्या पानात वाढून घेतलं. वर मला म्हणाले, "वातूळ असतं हो. खाज वाढते."

रात्री दोन वाजता कंड सुटला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. कडुनिंबाचा पाला झाला, करंजेल झालं, मग माझी मावशी शतधौत घृतावर आली. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. बायको मोजत साठच्या पुढे गेली असेल-नसेल, तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला आणि आकडा हरवला. मावशी म्हणाली, "मग पहिल्यापासून गं!" ते घृत पांढरंशुभ्र झालं, लावल्यावर गारही वाटलं. चट्टे मात्र जागचे हलले नाहीत. तुपाचा भाव पाहता पोळीला ते जास्त मानवलं असतं.

मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. मान आठवड्यात गुळगुळीत! ट्यूब बंद केली की दुपटीने लाल. ट्यूबवरची बारीक अक्षरं पुढे त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी वाचून दाखवली: क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात कडक स्टिरॉइडांपैकी एक. मान-चेहऱ्यावर चोपडत राहिलं तर कातडी पातळ करणारं.

बाईंनी सांगितलेलं इतकं साधं होतं की मावशीला ते औषध वाटेचना. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग खसाखसा न पुसता टिपायचं, आणि ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. मलम त्यांनी लिहून दिलं तेवढेच दिवस. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल इतकं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आणि शेवटी पॅच टेस्ट: पाठीवर संशयितांच्या पट्ट्या चिकटवून 48 तास अंघोळ नाही, घाम नाही. हे पुण्यात, मे महिन्यात!

तोवर आमच्या घरात वांगं, शेंगदाणे, लोकरीची शाल, धुण्याची पावडर, बायकोचं अत्तर आणि माझा साहेब इतके आरोपी होते. पट्ट्या निघाल्या आणि सगळे निर्दोष सुटले. पाठीवर लालभडक उठलं होतं ते गाजर गवत.

परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर याचं बी आलं असं मानतात, आणि 1950 च्या दशकात ते आधी नजरेत भरलं आमच्या पुण्यातच. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पण फोफावलं सगळ्याच पक्षांच्या राज्यात. त्याचे वाळके कण वाऱ्यावर उडतात आणि चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या घड्या अशा जागा धरतात. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे त्याचं कमरेएवढं रान आहे, आणि त्या भिंतीशी बसून मी रोज पहाटे प्राणायाम करत असे. अगदी दीर्घ श्वास घेऊन.

"प्राणायाम करा, पण खिडक्या लावून," बाई म्हणाल्या. "शेवंती त्याच कुळातली. सत्काराचे हार टाळा." हे पथ्य मला जन्मतःच पाळता आलंय.

वांगं आता मी खातो. इसब मुळासकट गेलेलं नाही, पण झोप लागते. प्रत्येकाचं कारण गाजर गवतच असेल असंही नाही; तेव्हा माझं निदान तुमच्या चट्ट्यांवर चिकटवू नका, तपासून घ्या. चिठ्ठीशिवाय ट्यूब मागू नका. आणि तुमच्या भिंतीपलीकडे ते पांढऱ्या बारीक फुलांचं गवत असेल, तर पुढच्या खेपेला फुलं धरायच्या आत उपटा. हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आणि मला मदतीला बोलावू नका.