रिसेलनाना

नाशिकजवळच्या ओझरमध्ये रो-हाऊसच्या कुठल्याही गल्लीत असा एक नाना सापडतोच. एचएएलमधून निवृत्त झालेला, गुडघे कुरकुरणारे, खिशात मेजरिंग टेप. १९६४ साली मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना आला, गाव लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' झालं आणि मायक्रॉनमध्ये विचार करणाऱ्या माणसांची एक पिढी इथं तयार झाली. अशा माणसाच्या हातात स्वतःचं घर आणि ग्रॅच्युइटी एकदमच पडली की मिस्तऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. पोर्चमध्ये ग्रॅनाइट येतं, हॉलला पीओपी होतं, ओट्याखाली ट्रॉल्या सरकू लागतात, आणि या प्रत्येक खर्चाचं कारण एकच असतं: "रिसेलला बरं पडतं." आता त्याला विचारा, "नाना, विकताय का घर?" नाना असे बघतात, की जणू त्यांच्या नातीलाच तुम्ही मागणी घातली. माझं म्हणणं असं, की या माणसाला गुंतवणूकदार समजणं ही त्याच्यावर होणारी मोठी मेहेरबानी आहे. रिसेल हा त्याचा हेतू नाही, ती त्याची सबब आहे. पगारातून पै-पै साचवणाऱ्या या पिढीला 'मला गुळगुळीत फरशी आवडते म्हणून बसवली' असं उघड म्हणायची लाज वाटते. न जन्मलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकला की तोच खर्च शहाणपणाचा ठरतो.

पुरावा हवा असेल तर आधी घराची किंमत ठरते कशी ते पाहू. मुद्रांक शुल्कासाठी शासनाचा जो रेडी रेकनर वापरतात, तो जागा कुठल्या विभागात आहे, क्षेत्रफळ किती, बांधकाम कुठल्या प्रकारचं हे विचारतो आणि बांधकाम जुनं होईल तसा घसारा वजा करत जातो. पीओपीच्या गुलाबाला त्यात रकाना नाही. बँकेचा व्हॅल्युअर आला तर तो मंजूर नकाशा, एनएचा आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला मागतो. नानांनी साइड मार्जिनमध्ये रिसेलसाठीच वाढवलेली खोली त्याला नेमकी नडते. ओझरमध्ये घरांच्या भावाची चर्चा निघते तेव्हा लोक बोलतात ते मुंबई-आग्रा महामार्गाबद्दल, २०१४ मध्ये झालेल्या विमानतळाच्या टर्मिनलबद्दल, किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये एचएएलमध्ये सुरू झालेल्या तेजस विमानांच्या नव्या उत्पादन लाइनबद्दल. हे सगळं कंपाउंडच्या बाहेर घडतं, आणि नानांची छिन्नी आत चालू असते. अमेरिकेत तर 'रिमॉडेलिंग' नावाच्या नियतकालिकाने वर्षानुवर्षं हाच हिशेब मांडला. तिथंही अलीकडच्या आकड्यांत स्वयंपाकघराच्या आलिशान नूतनीकरणातले निम्मे पैसेसुद्धा विक्रीत परत येत नाहीत, अन् गॅरेजचा साधा दरवाजा बदलला तर तो बाजी मारतो. नानांना हे सांगितलं तर ते गॅरेजचा दरवाजा बसवतील. गॅरेज नसलं तरी.

दुसरा पुरावा अधिक पक्का आहे. विकायचंच असतं तर नानांनी बिलं जपली असती. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो, पण त्यातून सुधारणेचा भांडवली खर्च वजा करता येतो. वरवरची रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही, आणि १ एप्रिल २००१ च्या आधी केलेलं काम तर धरतच नाहीत. म्हणजे रिसेलच्या खऱ्या उपासकाकडे जीएसटीच्या पक्क्या बिलांची जाडजूड फाइल पाहिजे. विमानाच्या एकेका रिव्हेटची नोंद ठेवलेल्या या माणसाकडे काय असतं? सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर मिस्तऱ्याने मांडलेली बेरीज. कारण पक्क्या बिलाने खर्च वाढतो, आणि वाचवणं हा त्यांचा मूळ धर्म.

यावर कोणी म्हणेल, रंगवलेलं, टापटीप घर लवकर विकलं जातं हे खोटं आहे का? मुळीच नाही. ओल आलेली भिंत पाहून गिऱ्हाईक भाव पाडतंच, आणि गळकी गच्ची दुरुस्त करणं हे केव्हाही योग्यच. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाना तीन पावसाळे पुढे ढकलतात, ते दिसत नाही म्हणून! शेजारी ज्याचं कौतुक करणार नाही अशी कुठलीच सुधारणा त्यांच्या रिसेलच्या यादीत नसते. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मुलं पुण्याला स्थायिक झालेली, उद्या घर विकणार तीच. बाप त्यांच्यासाठी किंमत वाढवतोय, त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. फक्त या मुलांचा सौदा होईल तो प्लॉटचा. घेणारा जुनं पाडून तीन मजले चढवणार, आणि नानांच्या इटालियन मार्बलबद्दल त्याचा एकच प्रश्न असेल: डबर उचलायचे किती घेता? हे नानांनाही ठाऊक असतं. त्यांनी आयुष्यभर ओव्हरहॉल केलाय. यंत्र कधी उघडायचं आणि कधी भंगारात काढायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको.

मग सबब राहू द्यावी की, कोणाचं काय जातं? इथं माझी गाडी थोडी अडते, कारण सबब दोन्ही बाजूंनी कापते. जे हवं ते तिच्या नावावर मिळतं हे खरं, पण जे गरजेचं ते तिच्याच नावावर नाकारलं जातं. सोलर पॅनेलच बघा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि बिलातली बचत राहणाऱ्याला पहिल्याच महिन्यापासून दिसते, पण "गिऱ्हाइकाला गच्ची मोकळी लागते." बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा म्हणून काकू किती दिवस मागे लागलेल्या असतात. गुडघे दोघांचेही गेलेले. तरी नाना ऐकत नाहीत, "दांडी दिसली की म्हाताऱ्यांचं घर वाटतं, भाव पडतो." अशा नानांना आरोग्याचं, वयाचं, काकूंच्या काळजीचं काही सांगण्यात अर्थ नसतो. त्यांच्या जावयांपैकी जो हुशार असतो तो दिवाळीला आला की चहा पिता पिता सहज म्हणतो, "पुण्यात हल्ली सीनियर सिटिझन फ्रेंडली फ्लॅटला वेगळाच भाव आहे म्हणे." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाना प्लंबरला घेऊन नाशिकला जातात. स्टेनलेस स्टीलच्या दोन दांड्या येतात, आणि स्पिरिट लेव्हल लावून त्या बसवल्या जातात.