ग्रँड गीझरकडे पाठ करून पनीरकडे नेणाऱ्या टूर मॅनेजरांस

प्रति,
मा. टूर मॅनेजर,
यलोस्टोन सहल (स्मॉल ग्रुप, 'आपल्या गतीने')



सर्वप्रथम आपलं अभिनंदन. उकळत्या पाण्याचे उसळते झरे, म्हणजे गीझर, जगात जेवढे आहेत त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत. चालू स्थितीतले पाचशेच्या वर. तिथे आम्हां बारा जणांना नेऊन आपण नेमका एक गीझर दाखवलात आणि सुखरूप परत आणलंत. तेही एकाही जेवणाला उशीर न होऊ देता. अमेरिकेने १८७२ साली जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला, तो लोकांनी पाहावा म्हणून. न पाहता त्यातून पार कसं व्हावं, हे मात्र आपल्याकडून शिकावं.

'स्मॉल ग्रुप' म्हणून जे जादा पैसे मोजले, त्यांचा हिशेब मला आता लागला. पन्नास जणांच्या बसमधली फरफट ज्यांना नको त्यांच्यासाठी ही सहल, असं माहितीपत्रकात होतं. आम्हाला वाटलं, बाराच माणसं आहेत, कुठे रेंगाळायचं, कुठे टेकायचं ते आपसांत ठरवू. आपलं गणित निराळं होतं. पन्नास जणांना बसमध्ये चढायला वीस मिनिटं लागतात, बारा जणांना चार. उरलेल्या सोळा मिनिटांत आपण आणखी एक 'पॉइंट' बसवलात.

किरकोळ तक्रारी आधी उरकते. बायसनपासून निदान २३ मीटर लांब राहावं हा उद्यानाचा नियम आपण 'रेंजर बघत नसेल तर चालतंय' असा सुधारून सांगितलात. 'आमच्या वज्रेश्वरीला कसं, गरम पाण्यात उतरता तरी येतं' असं एक काका म्हणाले तेव्हा आपण हसलात. यलोस्टोनच्या कुंडांत भाजून आजवर वीसहून जास्त माणसं मेली आहेत, हे त्यांना सांगायची ती वेळ होती. नॉरिसचा भाग आपण 'वेळ उरल्यास' या सदरात टाकलात. तिथला स्टीमबोट हा आज जगातला सर्वांत उंच उडणारा गीझर. त्याच्या गावावरून आम्ही एसी लावून, काचा बंद करून गेलो.

ग्रँड प्रिझमॅटिकला आपण पंचवीस मिनिटं दिलीत. साधारण शंभर मीटर रुंद असं ते कुंड आहे, मधोमध निळं आणि कडेला हिरव्या-पिवळ्या-नारिंगी रंगांची वलयं. सकाळच्या गारठ्यात लाकडी फळ्यांच्या वाटेवरून त्यातलं काय दिसतं? वाफ. चष्म्यावर वाफ, कॅमेऱ्यावर वाफ. शेजारच्या टेकाडावर मुद्दाम बांधलेला सज्जा आहे, एक किलोमीटरभर चालून गेलं की अख्खं कुंड खाली पसरलेलं दिसतं. तो आपण 'चढ आहे' म्हणून गाळलात. ज्या मंडळींनी रायगड पायी चढून पाहिला आहे त्यांना आपण सुमारे तीस मीटरचा चढ झेपणार नाही असं ठरवलंत.

वर रंग कसे आले, असं विचारल्यावर 'मिनरल्स' म्हणून मोकळे झालात. ते रंग जिवंत आहेत हो! कढत पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव कडेकडेने थर धरतात. मध्ये पाणी फार कढत म्हणून तिथे ते नाहीत, म्हणून तो भाग निळा. याच उद्यानातल्या एका झऱ्यात १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याला असा एक जिवाणू सापडला. त्याचं विकर उष्णतेने मोडत नाही, म्हणून पुढे त्याच्याच जोरावर पीसीआर चाचणी घरोघर पोचली. करोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात जी काडी गेली, तिची मुळं त्या पाण्यात आहेत. एवढं सांगायला पंचवीस मिनिटं पुष्कळ होती. पण आपण त्यातली पंधरा 'चला, चला' म्हणण्यात घालवलीत.

ओल्ड फेथफुल दाखवलात, नाही म्हणत नाही. 'दर तासाला उडतो' असंही सांगितलंत. हल्ली तो दीड तासाच्या आसपास उडतो. आधीचा उद्रेक थोडक्यात आटोपला असेल तर पुढचा लवकर, लांबला असेल तर उशिरा, असा त्याचा हिशेब आहे आणि रेंजर तो फळ्यावर लिहून ठेवतात. पण आपण बरोबर आठ मिनिटं आधी पोचलात, तो उडाला, सगळ्यांचे हात फोनसकट वर गेले, आणि पाणी खाली पडायच्या आत आपण जाहीर केलंत : 'झाला गीझर बघून!'

आता मूळ मुद्दा.

त्याच खोऱ्यात, अडीच-तीन चौरस किलोमीटरच्या आत, किमान दीडशे उष्ण झरे आणि गीझर आहेत. ओल्ड फेथफुलशिवाय आणखी मोजक्याच गीझरांची वेळ रेंजर वर्तवतात, त्यांत ग्रँड आहे. ज्यांच्या वेळेचा अंदाज बांधता येतो अशा गीझरांमध्ये जगात सर्वांत उंच हाच, ६० मीटरपर्यंत जाणारा. तो सहा-सात तासांतून एकदा उडतो आणि दहा-बारा मिनिटं उसळत राहतो. त्या दिवशी त्याची वेळ संध्याकाळी साडेपाचच्या मागेपुढे होती. आपण 'शॉपिंग आणि आइस्क्रीम'साठी दीड तास दिला होता. मंडळी आइस्क्रीमकडे गेली, आम्ही चौघं ग्रँडसमोरच्या बाकावर जाऊन बसलो.

शेजारी एक अमेरिकन बाई होत्या. उन्हाची टोपी, मांडीवर वही, हातात वॉकीटॉकी. अशी गीझरवेडी माणसं तिथे उन्हाळाभर असतात, प्रत्येक उद्रेकाची वेळ टिपतात आणि एकमेकांना कळवतात. ग्रँडला चिकटूनच टर्बन नावाचा छोटा गीझर आहे, तो दर वीसेक मिनिटांनी उडतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा, असं त्यांनीच सांगितलं. टर्बन उडायच्या सुमारास ग्रँडने मनावर घेतलं तर घेतलं, नाहीतर आणखी वीस मिनिटं बसा. टर्बन एकदा उडाला. बाईंनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि सँडविच काढलं.

मग कुंडाचा कोरडा काठ हळूहळू ओला झाला. पाणी पांढुरक्या दगडावरून पातळ पापुद्र्यासारखं उतरू लागलं. आणि वारा नसताना त्याच्यावर लाटा आल्या, बारीक, एकामागून एक काठावर आपटणाऱ्या. बाईंनी अर्धं सँडविच कागदात गुंडाळलं आणि उठून उभ्या राहिल्या. बाकावरचे सगळेच उभे राहिले.

आणि आपल्या छत्रीचा दांडा वर झाला. 'चला मंडळी, साडेसातचं डिनर आहे!'

मी आपल्याला विनवलं. आपण घड्याळ दाखवलंत. लग्नाला जाऊन, मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाट दूर व्हायच्या आत कुणी सगळ्या वऱ्हाडाला पंगतीला बसवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या लाटा काय होत्या, ते ऐकून ठेवा. खोलवरच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो, म्हणून ते खूप तापूनही उकळत नाही. एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९३ अंशांनाच उकळतं. तळाशी ते त्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. वाट अरुंद, आतून सिलिकाचा थर बसलेला. वरचं थोडं पाणी सांडलं की भार हलका होतो आणि खालच्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते. म्हणजे आपण छत्री उंचावलीत तेव्हा ते सांडायला लागलेलं होतं.

पूल ओलांडून कॅसल गीझरपाशी आलो आणि मागे गर्जना झाली. वळून पाहिलं तर पाण्याचा पांढरा स्तंभ आभाळात चढत होता. खाली बाकांपाशी लोक टाळ्या वाजवत होते. मी परत निघाले. आपण मला अडवलंत आणि म्हणालात, 'काकू, इथूनही छान दिसतंय की! फोटो काढा.'

हे वाक्य मी विसरणार नाही.

वेस्ट यलोस्टोनच्या हॉटेलात आपण साडेसातला पोचलो. जेवण आलं सव्वाआठला. अॅल्युमिनियमच्या ट्रेमधलं पनीर गार होतं, ते मायक्रोवेव्हमध्ये दोनदा गरम केलं. दोन मिनिटांत झालं. ग्रँडला पुन्हा गरम व्हायला सहा-सात तास लागतात. बाहेर तेव्हाही लख्ख उजेड होता, कारण जूनमध्ये तिथे नऊपर्यंत दिवस असतो.

ज्या जमिनीवर आपण मिनिटांचं वेळापत्रक चालवत होतात तिचा स्वभावही जरा सांगते. स्टीमबोट १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं गप्प बसला होता. मार्च २०१८मध्ये पुन्हा उठला आणि २०१९ या एका वर्षात ४८ वेळा उडाला. ऑगस्ट १९५९मध्ये उद्यानाच्या शेजारी मोठा भूकंप झाला, तेव्हा शेकडो झरे एकदम उसळले आणि कित्येकांच्या वेळा कायमच्या बदलल्या. २३ जुलै २०२४ला बिस्किट बेसिनमध्ये भर सकाळी एक कुंड फुटलं, दगड उडाले, पर्यटकांची फळ्यांची वाट मोडून पडली. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. आधी कुणाला काही कळलंही नव्हतं. अशा ठिकाणी माणसाने करायचं काम एकच असतं, बसून राहायचं. आणि आपल्या सहलीत नेमकी त्याचीच तरतूद नाही.

मी त्या रात्री आपल्याला हे सगळं तोंडावर ऐकवणार होते. जेवणानंतर आपण पार्किंगमध्ये व्हॅनच्या मागे उभे होतात, हातात कागदी ताटली. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आपण उभ्याउभ्या खात होतात. मी विचारलं, तुम्ही स्वतः ग्रँड पाहिलाय का?

'नाही काकू. दर वेळी डिनर असतं.' मग म्हणालात, 'मागच्या ग्रुपला जेवण अर्धा तास उशिरा मिळालं, तर चौघांनी मुंबईला फोन केला. मला नोकरी टिकवायचीय.'

आता हे 'आपण' पुरे झालं. अरे बाळा, तू दर उन्हाळ्यात तिथे येतोस आणि तुला कुणी एक संध्याकाळ त्या बाकावर बसू दिली नाही? पहाटे पाचला उठून तू आमचा चहा करतोस. कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचा उपवास, कुणाचं हरवलेलं ऐकण्याचं यंत्र, सगळं तुझ्या डोक्यावर. त्यात गीझरची माहिती तुला कोण देणार? ऑफिसने तुला सात दिवसांचा मेन्यू पाठ करायला लावला आणि उद्यानाविषयी एक पान दिलं नाही.

राग येतो तो त्या फोन करणाऱ्या चौघांचा. लाखांनी पैसे भरायचे, अर्ध्या जगाला वळसा घालून जायचं आणि फोन करायचा तो पनीर उशिरा आलं म्हणून! गीझर चुकला म्हणून एकानेही आजवर फोन केला नसेल. केला असता, तर तुझ्या ऑफिसने जेवण मागे ढकललं असतं, कारण त्यांना फक्त फोन ऐकू येतात. आमच्या व्हॅनमध्येही त्या रात्री तक्रार झाली ती गुलाबजाम संपल्याची. त्या माणसांना हाकेच्या अंतरावरचा अजस्र गीझर सुटला तरी चालतं, गुलाबजाम सुटलेला चालत नाही. आणि तुझा मालक हे पक्कं ओळखून आहे, म्हणून 'रोज भारतीय जेवण' जाड अक्षरांत छापतो आणि गीझरांची नावं बारीक टायपात, खाली, अटी-शर्तींच्या शेजारी.

तर पुढच्या ग्रुपसाठी एवढं कर. त्या एका संध्याकाळी डिनरसाठी हॉल बुक करू नकोस. पोळीत भाजी गुंडाळून प्रत्येकाच्या हातात दे आणि सगळ्यांना ग्रँडसमोर बसव. अन्न उघड्यावर टाकून उठायचं नाही, अस्वलं आहेत, एवढं तेवढं बजाव. टर्बन उडाला आणि ग्रँड नाही उडाला, तर कुणी कुरकुर केली तरी छत्री वर करायची नाही. आणि तू स्वतः बस. माणसं मोजत उभा राहू नकोस.

तुझ्या कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म मी भरून पाठवला आहे. त्यात जेवणाचे प्रश्न भरपूर होते, यलोस्टोनविषयी एकही नव्हता. तुला सगळीकडे पूर्ण गुण दिलेत आणि उरलेल्या जागेत माझा फोन नंबर लिहिला आहे. पोळीभाजीवरून पुढे कुणी मुंबईला तक्रार केली, तर ऑफिसने त्यांना थेट माझ्याकडे पाठवावं. त्यांच्याशी मी बोलते.

कळावे,
मागच्या सीटवरच्या काकू