तोफेचे ऑडिटर

सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे लंडनला आलेल्या वडिलांचे दोन प्रकार. एक घरात बसून सुनेला हीटर बंद करायला सांगतो, दुसरा बाहेर पडून एखादी जागा ताब्यात घेतो. नानांनी मडशूटची तोफ घेतली.

कॅनरी व्हार्फच्या काचेच्या टोलेजंग इमारतींजवळ मिलवॉल डॉकमधला गाळ वर्षानुवर्षं आणून टाकला, त्याचं झालं मडशूट. आता तिथे मेंढ्या, शेळ्या आणि चक्क लामा चरतात. त्यांच्याच शेजारी दुसऱ्या महायुद्धातले विमानविरोधी तोफांचे चार काँक्रीटचे खड्डे जपून ठेवलेत. एका खड्ड्यात ३.७ इंची तोफ, नळी आभाळाकडे. आणि नळीखाली जुलैतही कानटोपी घातलेले नाना.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नानांची सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. तोफ उडताना त्यांनी कधी पाहिली नाही, आणि याची त्यांना खंतही नाही. कोणी नुसतं थबकलं तरी ते डायरी उघडून सुरू होतात, "ट्वेंटी-एट पाउंड शेल, सर!" मग आवाज चढतो. १९४०च्या सप्टेंबरात एकेक विमान पाडायला हजारो गोळे लागले, हे त्यांना अजून पचलेलं नाही. "आमच्याकडे असतं तर ऑडिट ऑब्जेक्शन निघालं असतं. चर्चिल असो नाही तर कोणी!"

आदर त्यांना एकाच गोष्टीचा. "गोळा वर पोचायला पंधरा-वीस सेकंद. ताशी ३६० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात दीड-दोन किलोमीटर पुढे. मग नेम कुठे धरणार? जिथे विमान नाही तिथे!" हे गणित करणारं प्रेडिक्टर नावाचं यंत्र १९४१पासून अनेक तोफखान्यांत मुली चालवत. विमानाची उंचीही त्याच मोजत. गोळा डागायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. इथे नाना डायरी मिटतात. "काम अकाउंट्सचं, नाव प्रॉडक्शनचं. जगभर हेच!" एका इंग्रज आजीबाईंना हे इतकं पटलं, की त्यांनी पिशवीतलं बिस्किट काढून नानांना दिलं. मेंढीसाठी आणलं होतं, पण नानांनी चौकशी केली नाही.

घरी त्यांना टीव्हीचा रिमोटही मिळत नाही, असं सूनबाई हसत सांगते. खरं असावं. इथे मात्र तोफेवर चढून सेल्फी काढणाऱ्या धिप्पाड पोराला ते नुसत्या नजरेनं खाली उतरवतात.

व्हिसा संपत आला तसं त्यांनी मला बोलावून घेतलं. रीतसर चार्ज द्यायचा होता. डायरीचं पान पुढे केलं: 'तोफ, नग १. काँक्रीट खड्डे, नग ४. मेंढ्या मोजल्या नाहीत, मोजू देत नाहीत.'

"तपासून घ्या," म्हणाले, "आणि मग सही करा. मागून तक्रार चालणार नाही."