हवेचं बिल

गाडीच्या कूलिंग सिस्टिममधली हवा काढायची म्हटलं की पान्यापेक्षा स्टुलाचा उपयोग जास्त होतो. रेडिएटरचं झाकण हातानं फिरवलं की निघतं. त्यात नरसाळं बसवायचं, कूलंट ओतायचं, इंजिन चालू करायचं आणि बसायचं. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे यासाठी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आहे. त्याचा एक पाय डुगडुगतो, त्यामुळे बसणाऱ्याला डुलकी लागत नाही. नरसाळं म्हणजे पाण्याच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग, तोंडाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. एवढ्या सामग्रीवर ते भल्याभल्या गाड्यांच्या पोटातली हवा काढतात.

मुळात ही हवा आत जाते कशी? नळी बदलली, रेडिएटर साफ करायला उतरवला, नाहीतर नुसतं जुनं कूलंट काढून नवं भरलं, की गेलीच म्हणून समजा. पाणी वरून ओतलं की हवा वर येते आणि निघून जाते, हे आपलं शाळेतलं शास्त्र. शास्त्र बरोबरच आहे, पण हवेला वर जायला वाट तर हवी! इंजिनाच्या हेडमधले वळणावळणाचे बोगदे, मधेच कमान टाकलेली रबरी नळी, डॅशबोर्डमागे दडवलेला हीटरचा छोटा रेडिएटर, अशा जागी ती ठाण मांडते. त्यात वारा कापता यावा म्हणून हल्लीच्या गाड्यांची नाकं बसकी केलेली. कितीतरी गाड्यांत रेडिएटर खाली आणि इंजिन वर. मग झाकण उघडून ठेवलं तरी बाहेर पडायला हवेला आधी खाली उतरावं लागणार, आणि खाली उतरणं हे काही तिच्या स्वभावात नाही.

बरं, राहिले चार फुगे आत, तर एवढं काय बिघडलं? सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा आतलं तापमान २,००० अंशांच्या वर जातं. हेड ज्याचं ओतलेलं असतं ते अॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं. या दोघांचं एका घरात निभतं ते मधल्या पाण्यामुळे. वाटीभर पाणी जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला तीन हजार वाट्यांहून जास्त हवा लागते. शिवाय पाणी फिरवणारा पंप पाण्यासाठीच घडवलेला. त्याची पाती पाण्याला बाहेर भिरकावतात. पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्शाइतकी हलकी हवा समोर आली, की ती नुसतीच गरगरतात. एकही पार्ट मोडलेला नाही, झिजलेला नाही, आणि तरी गाडी तापते. जिथं काही असायला हवं तिथं काही नाही, एवढाच काय तो आजार.

असा आजार ओळखणंही अवघड. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. आपण रेडिओ मोठा करतो. हीटर लावला तर गार वारा येतो. थंडीच्या देशात हे लक्षण पहिल्या दिवशी कळतं, पण आपल्याकडे हीटर लावतो कोण? पुष्कळ मालकांना ते बटण तांबडं का आहे हेही माहीत नसतं. तापमानाचा काटा तर आणखी मजेदार. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर पाण्याचं तापमान सांगेल. त्याच्याभोवती हवा अडकली तर तो हवेचंच सांगत बसतो. म्हणजे शेजारी हेड भाजून निघत असताना काटा निवांत मधोमध. मधेच वाफेचा एखादा झोत अंगावर आला की ताडकन वर, पुन्हा खाली. काटा नाचतोय म्हटल्यावर मालक काटाच बिघडला असं ठरवतो. काटा बदलता येतो ना!

मोटार नवी होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीतून, त्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. त्या गाडीतलं पाणी सरळ उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. वाटेत दिसेल तिथं थांबायचं, पाणी भरायचं आणि पुढं निघायचं. शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात गाडीच्या पाण्याची चिंता भरपूर, पण हवा अडकण्याची अजिबात नाही, कारण वर सगळं उघडंच होतं. मग माणसाला शहाणपण सुचत गेलं. १९००-०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या अभियंत्यानं ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. पुढं थर्मोस्टॅट आला. पितळेच्या इवल्याशा डबीत मेण. ते ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळून फुगलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. मग दाब धरणारं झाकण आलं. पुण्याच्या उंचीवर ९८ अंशांना उकळणारं साधं पाणी त्या दाबाखाली ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत दम धरतं. पाणी वाया जायचं थांबलं, आणि जी हवा पूर्वी वाफेबरोबर वाटेला लागायची तिला कायमचा मुक्काम मिळाला. गंमत म्हणजे बुलेटचं इंजिन वर्षानुवर्षं नुसत्या वाऱ्यावर गार होत आलं, आणि फोक्सवागनच्या जुन्या बीटलनं तर जन्मभर पाण्याला शिवलं नाही. बाहेरून लागणारी हवा इंजिनाला मानवते. आत शिरलेली नाही.

बोरघाट चढताना अॅम्बॅसेडर आणि फियाट बॉनेट वर करून कडेला उभ्या असत, ते दिवस बऱ्याच जणांना आठवत असतील. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकायचं आणि गाडी निवेपर्यंत दरीकडं बघत बसायचं. पाण्याचा कॅन डिकीत असायचाच. घाईनं झाकण उघडू नये हे ज्ञान तिथं वडीलधाऱ्यांकडून मिळे, आणि ते आजही तितकंच खरं आहे. दाब सुटला की आतलं तापलेलं पाणी क्षणात वाफ होऊ लागतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. ही जागा ती झाकण उघडणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेनं शोधते.

हवा काढायला म्हणूनच गार इंजिनापासून सुरुवात. मिस्त्री गाडीची पुढची चाकं उतारावर चढवतात, म्हणजे नाक वर आणि झाकण सगळ्यांत उंच. थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं, त्यात पिन लोंबत असते; ती बसवतानाच वर ठेवलेली असावी, म्हणजे झडप बंद असतानाही थोडी हवा तिथून सटकते. मग हीटर पूर्ण गरमवर, कारण त्याच्या नळ्यांतूनही पाणी फिरायला हवं. आत बसून अॅक्सिलरेटर धरायचं काम गाडीच्या मालकाचं. मे महिना, दुपार, हीटर चालू, मालक आत, मिस्त्री बाहेर सावलीत स्टुलावर.

"काका, जरा रेस द्या. बस. सोडा आता."

वरची जाड नळी ते मुठीत धरून दाबतात, सोडतात. नरसाळ्यातल्या हिरव्या पाण्यात आधी बारीक फुग्यांची माळ येते, मग थांबते. नवखा माणूस म्हणेल, झालं. पण ही हवा आपल्याकडच्या पाहुण्यांसारखी आहे: "निघतो" म्हणून उठते आणि दारात अर्धा तास उभी राहते. थर्मोस्टॅट उघडल्यावर खरी हालचाल. एक मोठा, ढेकरेएवढा बुडबुडा येतो आणि नरसाळ्यातलं पाणी बोटभर खाली जातं. मिस्त्री तेवढंच पुन्हा ओततात. थर्मोस्टॅटच्या घराला ब्लीड स्क्रू असेल तर तो किंचित सैल करतात. आधी फसफस, मग थुंकत थुंकत फेस, आणि शेवटी अखंड धार. धार लागली की स्क्रू बंद. पंखा आपोआप सुरू होऊन बंद पडला, वरची-खालची नळी हाताला गरम लागली, हीटरनं मालकाला पुरतं घामाघूम केलं, की काम संपलं. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी बघायची आणि लागेल तेवढं घालायचं.

कारखान्यात एवढा वेळ कोण घालवणार? तिथं आधी आतली हवा खेचून घेतात आणि मग कूलंट आत सोडतात. मोठ्या गॅरेजांतही आता तसं यंत्र असतं. ते लावलं की रबरी नळ्या डोळ्यांदेखत चपट्या होतात आणि काम चुटकीसरशी उरकतं. पण गल्लीतल्या गॅरेजात अजून स्टूलच चालतं, आणि स्टुलाभोवती सल्लागार जमतात. एक म्हणतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्या हवेत कशाला लागतो?" तो काढला तर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर; पण काहीतरी काढल्याचं समाधान मिळतं. दुसरा म्हणतो, पंप बदला. तिसऱ्याच्या मते रेडिएटरच गेलाय. यांतला एकही जण "थांबा आणि वाट बघा" असं म्हणत नाही. त्यांचंही बरोबर आहे. जुना पंप हातात घेऊन चारचौघांना दाखवता येतो. निघून गेलेली हवा कुणाला दाखवणार? कितीतरी धडधाकट पंप आणि थर्मोस्टॅट केवळ या अडचणीपायी भंगारात गेले असतील.

शेवटी पैशांची वेळ येते. या खेपेला मालक मीच होतो.

"काका, तीनशे द्या."

"तीनशे? पार्ट कुठला टाकला?"

"कुठलाच नाही. हवा काढली."

"त्याचे तीनशे?"

मिस्त्रींनी हात पुसले. "पंप बदलला असता, तर जुना पिशवीत घालून दिला असता. तुम्ही मुकाट्यानं दोन हजार मोजले असते आणि वर मला चहा पाजला असता."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पैसे काढले आणि हिशेबाला हवी म्हणून पावती मागितली. त्यांनी छापील पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि मालाच्या रकान्यात 'हवा' असं लिहिलं. पुढच्या रकान्याशी मात्र पेन अडलं. तिथं नग लिहायचे होते.

"तशी बरीच निघाली," ते म्हणाले, "पण तुमच्यासाठी एकच नग धरतो."