विसावा, सवड मिळाल्यास

देवाने सहा दिवसांत सृष्टी उरकली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. त्याला मुलांना संडे स्कूलला सोडायचं नव्हतं. आमचा गोंदियातला रविवार पहाटे पाचला सुरू होतो. मटणाला मसाला, गणवेशांना इस्त्री, मग उपासना. परतताना सोबत चार पाहुणे, म्हणजे चिन्नोरचा भात पुन्हा टाका. आमचे हे जंक्शनवर ड्यूटीला, त्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला; खंडोबाचा वार, हेही एक कारण दिलं. खंडोबावाले शेजारी दुपारी घोरतात. आमच्याकडे चारला महिला मंडळ. परवा विषय होता ‘विसावा’. वीस जणींचा चहा माझ्याकडे. प्रवचन ओट्यापाशी उभं राहून अर्धंच ऐकलं. ‘आमेन’ला दूध उतू गेलं.